रात्री दीड वाजताचा उजळ ठिपका

ऑक्टोबर २०२५मध्ये सुदानच्या दारफुर भागातलं अल-फाशेर शहर आरएसएफ या निमलष्करी दलाने घेतलं. तिथल्या कत्तलीच्या खुणा उपग्रहाच्या फोटोंत दिसल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एकाने मला विचारलं, "उपग्रह सगळं लाइव्ह बघतो ना? मग थांबवलं का नाही कुणी?"

लाइव्ह वगैरे काही नसतं. आगी टिपणारं 'व्हिअर्स' हे उपकरण ज्या उपग्रहांवर आहे, ते एखाद्या जागेवरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटर लांबी-रुंदीचा तुकडा. त्यात अख्खी वाडी मावते. मग त्यातली सात-आठ पेटलेली गवती छपरं कळतात कशी?

गंमत तरंगलांबीत आहे. वस्तू जितकी तापते, तितकी तिच्यातून सर्वाधिक बाहेर पडणाऱ्या प्रारणाची, म्हणजे उष्णतेच्या लहरींची, तरंगलांबी आखूड होत जाते. २७ अंशांची जमीन सर्वाधिक प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सोडते, तर सव्वापाचशे अंशांवर जळणारं गवत साडेतीनच्या आसपास. कोणत्या तापमानाची वस्तू कोणत्या तरंगलांबीला किती प्रारण सोडते, हे सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्रात आकडे घालून बघा. ११ मायक्रोमीटरला ही आग तेवढ्याच जमिनीच्या जेमतेम १९ पट प्रखर असते, ४ मायक्रोमीटरला मात्र सुमारे १८०० पट! म्हणजे ठिपक्याचा फक्त हजारावा भाग, साधारण १४० चौरस मीटर, पेटला असला तरी ४ मायक्रोमीटरला अख्खा ठिपका जवळजवळ तिप्पट उजळतो. ११ला दोन टक्केही फरक पडत नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की आग लपत नाही.

पण शेतकरीही रान जाळतात. म्हणून पुढे बारकाव्याचे फोटो बघावे लागतात. कालपर्यंत जिथे छपराची तपकिरी चकती होती, तिथे मातीच्या भिंतीचं काळं कडं उरलेलं असतं. भोवतीचं रान शाबूत आणि घरंच तेवढी जळालेली असली, तर ती आग बहुधा मुद्दाम लावलेली असते.

'एआय नरसंहाराचं भाकीत करणार' असले मथळे वाचून मला संताप येतो. अल-फाशेरला भाकिताची गरजच नव्हती. आरएसएफचा शहराला वेढा मे २०२४पासून होता. तो उठवा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४मध्येच केला होता. ऑगस्ट २०२५मध्ये येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने उपग्रहाच्या फोटोंवरून दाखवलं, की आरएसएफ शहराभोवती मातीचा बांध घालत आहे. तेव्हाच तो ३१ किलोमीटर झाला होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आत अडकलेली माणसं होती सुमारे २ लाख ६० हजार.