वर्गातील खेळांचे मोफत साहित्य कमी खर्चात कसे छापावे : शिक्षक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातारा शहरातील, तसेच जावळी, पाटण, कोरेगाव आणि माण या तालुक्यांतील अनेक शिक्षक वर्गात खेळावयाची कार्डे, पट आणि तक्ते इंटरनेटवरून उतरवून आमच्याकडे छपाईसाठी आणतात. फाइल मोफत मिळालेली असते. परंतु रंगीत छपाई, जाड कागद आणि लॅमिनेशन यांचा खर्च पुष्कळदा शिक्षकांच्या स्वतःच्या खिशातून होतो. हा खर्च किती होणार हे बहुतांशी फाइल निवडतानाच ठरते, म्हणून दुकानात येण्यापूर्वी आपण हे पत्रक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

मराठी साहित्यासाठी आधी ‘दीक्षा’ हे २०१७ मध्ये सुरू झालेले शासकीय व्यासपीठ पाहावे. पाठ्यपुस्तकांत छापलेला क्यूआर कोड मोबाइलने वाचला की त्या पाठाचे साहित्य तेथे उघडते. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ चित्रकथांसाठी फार उपयोगी आहे. त्यातील गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्यामुळे मूळ लेखक व चित्रकारांची नावे देऊन त्यांची चित्रे क्रमाने लावण्याच्या कार्डांसाठी वापरता येतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची कृती आणि अनेक मराठी पुस्तके विनामूल्य आहेत. छपाईचा व्यवसाय करीत असूनही आम्ही हे सांगतो की, तेथील कित्येक खेळांना छपाईची गरजच पडत नाही.

इंग्रजी संकेतस्थळांवर साहित्य विपुल असले, तरी त्यातील नाणी डॉलर-सेंटची असतात, मापे इंचांत असतात आणि पाने बहुधा अमेरिकी लेटर आकाराची असतात. हा आकार आपल्या ए४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड आहे. अशी फाइल मूळ मापात छापल्यास कडेच्या रेषा तुटतात, म्हणून ती ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडून छापावी. मात्र कागदी मोजपट्टी किंवा एकेक सेंटीमीटरच्या चौकोनांचा कागद छापताना हाच पर्याय माप बिघडवतो. तेथे १०० टक्केच ठेवावे.

मोफत उतरवता येणे आणि वाटेल तसे वापरता येणे यांत फरक आहे. साहित्य कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात ‘बदल नको’ अशी अट असल्यास साहित्य मराठीत करून इतरांना वाटता येत नाही आणि ‘व्यापारी वापर नको’ अशी अट असल्यास त्याचे संच विकता येत नाहीत. आम्ही केवळ आपण आणलेल्या फाइलच्या छपाईचे पैसे घेतो. असे संच तयार ठेवून विकत नाही. विकत घ्यावयाच्या साहित्याची जलचिन्ह असलेली नमुनापाने आणल्यास ती आम्ही छापणार नाही.

आता खर्चाचे मुख्य सूत्र, म्हणजे एका पानावर किती कार्डे बसतात हे पाहू. वर्गात ४० मुले असून पाच-पाच जणांचे आठ गट करावयाचे आहेत आणि प्रत्येक गटाला ३२ जोडाक्षर-कार्डांचा संच द्यावयाचा आहे, असे समजू. ए४ पानावर आठ कार्डे घेतल्यास ३२ पाने लागतात. सोळा घेतल्यास १६ पाने पुरतात, आणि ५२ गुणिले ७४ मिलिमीटरचे ते कार्ड तिसरीच्या मुलाच्या हातात व्यवस्थित मावते. पहिलीच्या मुलांसाठी मात्र मोठे कार्डच घ्यावे. तेथे काटकसर करू नये.

रंग अर्थासाठी असेल तेथेच घ्यावा. शब्द आणि अंक काळ्या शाईत रंगीत कागदावर छापले, तर गटागटाचे संच वेगळे ओळखू येतात आणि रंगीत छपाईचा खर्च वाचतो. साधा ७५ जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद स्मरणशक्तीच्या खेळाला चालत नाही, कारण मागून अक्षर दिसते. त्यासाठी २५० जीएसएमचे कार्ड घ्यावे, किंवा साध्या कागदावर छापून तो जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा. फासे आणि सोंगट्या छापण्याचे कारण नाही. सहा चिंचोके फोडून त्यांची सहा अर्धुके घेतली, तर पांढरी बाजू वर आलेली अर्धुके मोजून दान ठरते आणि शर्टची जुनी बटणे सोंगट्या होतात. अंकांच्या हाउजीसाठी प्रत्येकाला निराळे तिकीट छापण्याऐवजी रिकामे चौकोन छापून मुलांनाच अंक लिहू द्यावेत. ते पान लॅमिनेट केले, तर व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहून पुसता येते.

लॅमिनेशनबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पूर्ण पान लॅमिनेट करून मग कार्डे कापली, तर कागदाची कड उघडी राहते आणि पाटण-जावळीच्या पावसात तीतून ओल शिरून थर सुटतात. म्हणून कार्डे आधी कापून, दोन कार्डांत किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवून पाउचमध्ये लावावीत आणि नंतर प्रत्येकाभोवती ३ मिलिमीटर प्लास्टिक राखून कापावे. यास श्रम अधिक लागतात व एका पाउचमध्ये कार्डे कमी मावतात, म्हणून रोज हाताळल्या जाणाऱ्या संचांसाठीच हे करावे.

फाइल पीडीएफ स्वरूपात आणावी. अन्यथा जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमधील मजकूर आमच्या संगणकावर अक्षरशः ओळखू येत नाही. फॉन्ट निवडताना ल आणि श ही अक्षरे पाठ्यपुस्तकातल्या वळणाची आहेत ना, हे पाहावे. नुकते वाचू लागलेल्या मुलाला दोन वळणे गोंधळात टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवावयाचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र १०५ मिलिमीटरच्या कार्डावर स्वच्छ येते, परंतु ए३ तक्त्यावर तेच धूसर दिसते.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास गर्दी असते, तेव्हा फाइल शक्यतो मेअखेर द्यावी. प्रत्येक कामाचे एक पान आम्ही आधी काढून दाखवतो, आणि आपण ते पाहून होकार दिल्यावरच उरलेली छपाई सुरू करतो.