मांस तपासणी : महाराष्ट्रातील व्यवस्था

खाण्यासाठी मारायचे जनावर आधी जिवंतपणी आणि मग कापल्यावर, असे दोनदा पाहून त्याचे मांस खाण्याजोगे आहे की नाही हे पशुवैद्यकाने ठरवणे, म्हणजे मांस तपासणी. जनावराला वधाआधी विश्रांती व पाणी मिळाले का, त्याचे नाहक हाल झाले का, हेही त्यानेच पाहायचे असते. भारतात हे काम एका खात्याच्या हाती नाही. कत्तलखाना चालवते महापालिका किंवा नगरपालिका. अन्न म्हणून मांसाचा परवाना येतो २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. क्रूरतेला आळा घालणारा कायदा केंद्राचा, १९६० चा. कोणते जनावर कापता येईल हे राज्याचा कायदा सांगतो आणि निर्यातीवर अपेडाची, म्हणजे शेती व अन्नपदार्थांच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची, नजर असते.

वधापूर्व तपासणी

जनावर उभे असताना आणि चालताना पाहिले जाते. लंगडणे, कळपापासून बाजूला मान टाकून उभे राहणे, धाप, नाकातोंडातला स्राव, हगवण, तोंडातले व खुरांमधले फोड ही लक्षणे पशुवैद्यक शोधतो. ताप असलेल्या जनावराचे रक्त नीट निथळत नाही आणि मांस लवकर नासते, म्हणून ते वेगळे काढतात. अचानक मेलेल्या आणि नाकातून वा गुदद्वारातून न गोठणारे रक्त येणाऱ्या जनावराला तर सुरीच लावायची नाही. ती फाशी, म्हणजे काळपुळी (अँथ्रॅक्स) हा जंतुरोग, असण्याची शक्यता असते. शव उघडले की तिच्या जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षे टिकून राहतात. असे शव चुना घालून खोल पुरतात किंवा जाळतात.

केंद्राच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण मादी, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली मादी आणि तीन महिन्यांच्या आतले जनावर कापता येत नाही. वधापूर्वी २४ तास विश्रांती द्यायची, एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, असेही हे नियम सांगतात. विश्रांतीची अट केवळ भूतदयेपोटी आलेली नाही. ट्रकमध्ये दाटीवाटीने उभे राहून दमलेल्या जनावराच्या स्नायूंतला साखरेचा साठा संपलेला असतो. त्यामुळे वधानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. ते काळपट पडते आणि त्यात जंतू लवकर वाढतात. जनावराचे हाल आणि खाणाऱ्याचे आरोग्य इथे एकमेकांशी जोडलेले आहेत, आणि हे नियम करणाऱ्यांपेक्षा जुन्या खाटकांना अधिक चांगले ठाऊक असते.

याच नियमांनी एका पशुवैद्यकाला तासाला १२ आणि दिवसाला ९६ जनावरांची मर्यादा घातली आहे, म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. शेळ्या-मेंढ्या ट्रकच्या ट्रक भरून उतरतात तिथे ही मर्यादा पाळायची तर पशुवैद्यकांची फौज लागेल. प्रत्यक्षात पशुवैद्यक थोडे आणि जनावरे फार, अशीच बहुतेक ठिकाणची अवस्था आहे. सगळ्या व्यवस्थेत नियम कमी नाहीत, माणसे कमी आहेत.

वधोत्तर तपासणी

कापल्यावर डोके, जीभ, फुफ्फुसे, हृदय, काळीज, प्लीहा आणि गुर्दे एकेक करून पाहतात. मोठ्या जनावराच्या लसिका ग्रंथी चिरून क्षयाच्या गाठी आहेत का ते तपासतात, तर काळजातल्या पित्तनलिका कापून पानासारखे चपटे कृमी शोधतात. काळजात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी आढळल्या की ते अवयव नापास होतात. या गाठी खाऊन माणसाला रोग होत नाही, पण कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातांवाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात जाऊन तशाच गाठी धरतात. म्हणून कत्तलखान्याच्या कुंपणात भटकी कुत्री शिरू न देणे आणि नापास अवयव जाळणे हेसुद्धा तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे. उघड्या गटारीकाठच्या दुकानामागे आतडी टाकली जातात तिथे हे चक्र बिनबोभाट चालू राहते.

पास झालेल्या धडावर शाईचा शिक्का मारतात. मटण घेणारा मात्र शिक्का क्वचितच पाहतो. बोकडच आहे याची खूण धडावर राखली आहे की नाही, इकडे त्याचे लक्ष असते.

देवनार

मुंबई महापालिकेचा देवनार येथील कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. त्याआधी हे काम वांद्र्याच्या जुन्या कत्तलखान्यात चाले. देवनारचा आवार ६४ एकरांचा असून त्यातच जनावरांचा बाजारही भरतो. बकरी ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशापासून बोकड तिथे येतात आणि वर्षभर ढेपाळलेल्या यंत्रणेची खरी कसोटी त्या दिवसांत लागते.

देवनार काय किंवा इतर शहरांतले कत्तलखाने काय, एक दोष सगळीकडे सारखा आहे. कत्तलखान्याची मालक महापालिका, शुल्क घेणारी तीच आणि मांस नापास करणारा पशुवैद्यकही तिच्याच आस्थापनेवरचा. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने कत्तलखान्यांचे नियमन नगरपालिकांच्या कामांत घातले आहे, त्यामुळे ही रचना बेकायदा नाही. पण ज्याचे काम तपासायचे तोच तपासणाऱ्याचा साहेब, हे काही बरे नव्हे. निर्यातीच्या कारखान्यांत चित्र वेगळे दिसते. तिथे अपेडाची नोंदणी लागते, खरेदीदार देशांचे तपासनीसही येऊन जातात. व्हिएतनाम किंवा मलेशियाला जाणाऱ्या म्हशीच्या मांसावर जेवढी नजर असते, तेवढी रविवारी आपल्या घरी येणाऱ्या मटणावर नसते.

बेशुद्ध करण्याचा प्रश्न

अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमावलीत जनावर आधी बेशुद्ध करून मग त्याचे रक्त काढावे असे म्हटले आहे. त्यासाठी विजेचा झटका, डोक्यावर यांत्रिक आघात आणि कार्बन डायऑक्साइड वायू हे मार्ग दिले आहेत. दुसरीकडे १९६० च्या कायद्याचे कलम २८ धर्माने सांगितलेल्या पद्धतीने केलेल्या वधाला गुन्हा मानत नाही. दोन्हींचा मेळ कोणी घातलेला नाही. गावोगावच्या दुकानांत बेशुद्ध करण्याची साधनेच नसल्याने हा वाद बराचसा कागदावरच राहतो.

गोवंश आणि इतर जनावरे

महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्याने गायीच्या वधावर बंदी घातली. बैल आणि म्हशी अधिकाऱ्याच्या दाखल्यावर कापता येत. १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी थेट २०१५ मध्ये मिळाली आणि बैल व वळूही बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. गोव्यात गायीच्या वधावर बंदी असली तरी बैल दाखल्यावर कापता येतात. मात्र जनावरे बरीचशी कर्नाटकातून येत असल्याने तिथला २०२० चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यावर गोव्यात गोमांसाचा तुटवडा झाला.

वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात जागा मिळते ती महाराष्ट्राच्या याच प्राणी संरक्षण कायद्याला. त्यात कोणते जनावर कापू नये हे आहे. कापलेल्याचे मांस निरोगी आहे का, हा त्याचा विषय नाही.

कोंबडी

देशातल्या एकूण मांसात कोंबडीचा वाटा सुमारे निम्मा आहे, आणि नेमकी तीच तपासणीतून सर्वाधिक निसटते. दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्या दुकानाला साधी नोंदणी पुरते. तिथे पशुवैद्यक फिरकत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि तेव्हापासून पोल्ट्री फार्मवरची दक्षता वाढली. पुढे २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर केंद्राने बंदी घातली. माणसांवरच्या उपचारात ते शेवटचा आधार म्हणून राखून ठेवलेले औषध आहे. नवापुरानंतरचा बंदोबस्त असो की ही औषधबंदी, दोन्ही फार्मपाशी लागू होतात. दुकानातल्या पिंजऱ्यातून काढून गिऱ्हाइकासमोर कापलेल्या कोंबडीचे काळीज कोणी पशुवैद्यक पाहत नाही.