कॉम्प्युटर, आयटी की एआय? कॅपचा अर्ज, कागदपत्रं आणि पसंतीक्रम

बारावी झाली की पुष्कळ मुलं सांगतात, "मला सॉफ्टवेअरमध्ये जायचंय." पण महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग या नावाची शाखा क्वचितच सापडते. यादीत असतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, आयटी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टीम्स. खरं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, म्हणजे गरजा समजून घेणं, रचना, चाचणी आणि देखभाल, हा या बहुतेक शाखांमध्ये एखाद्या सत्राचा विषय असतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक काम करा. ज्या चार-पाच कॉलेजांचा विचार चाललाय, त्यांचा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क हे पाच विषय नीट असतील, तर शाखेला कॉम्प्युटर म्हणा की आयटी, पाया तोच आहे. एआयच्या शाखेत संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंगला जास्त जागा मिळते, ती कुठल्या विषयांची जागा घेते ते मात्र पाहा. नव्या नावाच्या मोहात जुन्या, चांगल्या विभागातली आयटीची जागा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नॅक आणि एनबीए शिक्षणाचा दर्जा तपासतात. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएचं मात्र त्या-त्या अभ्यासक्रमाचं. "कॉलेजला एनबीए आहे" असं कोणी सांगितलं, तर तुमच्या शाखेला आहे का, हे विचारा.

प्रवेश राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा नियमांत मान्य असलेला दुसरा कुठला चालतो. या विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के पुरतात. शिवाय सीईटीत शून्याहून अधिक गुण हवेत. पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, या गटाची परीक्षा २०० गुणांची. त्यात गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, म्हणजे अर्धे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर आपल्या बरोबरीचे किंवा आपल्यामागचे परीक्षार्थी शंभरात ९० आहेत, इतकंच. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवरही भरतात. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुणे-नागपूरच्या ट्रिपलआयटी या प्रक्रियेत येत नाहीत. त्यांचे प्रवेश जोसा या देशपातळीवरच्या प्रवेश यंत्रणेकडून होतात.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचा स्कोअरकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांकडे असतो. घोळ होतो तो तहसील कार्यालयातून आणि जात पडताळणी समितीकडून येणाऱ्या कागदांचा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र वेळेत काढा. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल, तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. नॉन क्रीमी लेअरचा दाखला लागणाऱ्या प्रवर्गांनी त्यावरची मुदत तपासावी. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचाय, त्याच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत. आमच्या घरात हीच चूक झाली होती. दाखला फाइलमध्ये होता, त्यामुळे कोणी तारीख वाचलीच नाही, आणि ऐन जुलैत सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागलं. दाखला मुदतीत दिला नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो.

बेळगाव-कारवार-बिदरकडच्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी कॅपमध्ये स्वतंत्र उमेदवार प्रकार आहे, टाइप ई. माहितीपुस्तिकेतल्या ठरलेल्या नमुन्यात दाखला द्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे कोणी परराज्याचा म्हणून अर्ज भरू नये.

ऑनलाइन नोंदणी करून कागद अपलोड केले की ई-पडताळणी किंवा सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष पडताळणी यांतलं एक निवडायचं. अपलोड केलेला कागद वाचता येत नसेल, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. तेव्हा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो टाकू नका. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यात प्रवर्ग, लिंग, उमेदवार प्रकार आणि गुण ताडून पाहा. चूक असेल, तर हरकतीची मुदत फार थोडी असते.

यानंतरचा पसंतीक्रम म्हणजेच ऑप्शन फॉर्म. खरी निवड इथे होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी, म्हणजे कुठली जागा किती गुणांवर बंद झाली त्याची यादी, वाचायला शिका. तिच्यात जीओपीईएनएच (GOPENH), एलओपीईएनएस (LOPENS) असे सांकेतिक शब्द दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी ठरते ती साधारणपणे बारावी कुठल्या जिल्ह्यातून केली त्यावरून. लातूरला बारावी केलेल्या मुलीनं पुण्याच्या संलग्न कॉलेजचा एचचा आकडा पाहून आशा धरली, तर तिची फसगत होते. तिनं ओचा आकडा पाहायला हवा. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयच्या जागा मात्र राज्यस्तरावर भरतात.

आता क्रम. २०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घेणं बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली, तरी तेच. नाकारलीत, तर पुढच्या फेऱ्या बंद. नियम दर वर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायचीच. पण याचा अर्थ समजून घ्या. वरच्या सहा ओळींत "असू दे, मिळतंय थोडंच" म्हणून काहीही टाकू नका. जी जागा मिळाली तर आनंदानं जाल, तीच तिथे हवी. आणि कटऑफला घाबरून आवडती जागा खाली ढकलू नका. वरची पसंती मिळाली नाही, तरी खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही, कारण जागावाटप गुणवत्तेवर होतं.

टीएफडब्ल्यूएस ही योजना अनेकांच्या हातून निसटते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना, जात कुठलीही असो, शिकवणी शुल्क पूर्ण माफ असणाऱ्या या ५ टक्के जादा जागा. त्यांचा चॉइस कोड, म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये भरायचा त्या कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी टी हे अक्षर असतं. तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्रपणे भरावा लागतो. फक्त साधा कोड टाकला, तर ही जागा मिळत नाही.

शुल्काचा विचार करताना शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा मंजूर आकडा पाहा, कोणी तोंडी सांगितलेला नको. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण सवलत आहे. दोन्हींसाठी सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर वेगळा अर्ज लागतो. प्रवेश झाला म्हणजे सवलत आपोआप लागू होत नाही.

बारावीला गणित असूनही इंजिनिअरिंगचं जमलं नाही, तर बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हे चांगले मार्ग आहेत. बीसीएसाठी २०२४ पासून वेगळी सीईटी आहे. डिप्लोमा झालेल्यांना सीईटीची गरज नाही, ते थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करतात.

जागा स्वीकारली की मूळ कागद घेऊन मुदतीत कॉलेजात हजर व्हायचं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा होतो, म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी त्या पहिल्याच आठवड्यात मागतात.