ओपन सोर्समध्ये नवख्यांना हाताशी धरून शिकवायची पद्धत आली कुठून

आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या कुणी विचारलं की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम सुरू करायचंय, शिकवणारा मेंटॉर कसा मिळेल, तर आपण पटकन दोन-चार नावं सांगून मोकळे होतो, समर ऑफ कोड बघ, आउटरीची बघ, अर्जाच्या तारखा बघून ठेव. जणू हे सगळं पहिल्यापासून होतंच. नव्हतं हो. सुरुवातीची बरीच वर्षं नवीन माणसाला शिकवणं हे तिथे कुणाचंच काम नव्हतं, आणि ते काम आहे, त्याला वेळ लागतो, तो वेळ कुणीतरी ठरवून द्यावा लागतो, हे मान्य व्हायलाच वीसेक वर्षं गेली.

मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायला निघालेल्या जीएनयू प्रोजेक्टची घोषणा झाली १९८३ ला आणि लिनक्स या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, १९९१ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा इंटरनेट असायचं ते विद्यापीठात नाहीतर मोठ्या कंपनीत, त्यामुळे जे लोक आले ते आधीच सी भाषेत कोड लिहिणारे, युनिक्स ही जुनी सिस्टिम कोळून प्यालेले होते. त्यांना शिकवायची गरजच नव्हती. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, बनवायचा, मेलिंग लिस्टवर पाठवायचा, चांगला असला तर घेतला जाईल, नसला तर एक तर कुणी उत्तर देणार नाही किंवा चांगलं खरमरीत उत्तर येईल. मॅन्युअल वाच आणि मग ये, हे तर ठरलेलं वाक्य. मी त्या मेंटेनर लोकांना, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांना, वाईट म्हणणार नाही, ती माणसं नोकरी सांभाळून रात्री जागून हे करत होती आणि एकच प्रश्न शंभराव्यांदा आला की माणूस वैतागतोच. पण झालं काय, की ज्याला घरी कॉम्प्युटर होता, हाताशी वेळ होता आणि अपमान गिळायची ताकद होती तोच टिकला, आणि मग टिकलेल्यांनाच असं वाटायला लागलं की टिकणं म्हणजेच गुणवत्ता. हा समज नंतर फार महागात पडला.

पहिली पद्धतशीर व्यवस्था म्हणायची तर लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या सिस्टिमची. १९९३ ला सुरू झालेला हा प्रोजेक्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटी इतका वाढला की येईल त्याला मेंटेनर करून चालेना, शेवटी १९९९ मध्ये नवीन लोक घेणंच थांबवलं आणि २००० मध्ये नव्या नियमांनी परत सुरू केलं. आधीच्या कुणीतरी तुमची शिफारस करायची, तुमची ओळख सही केलेल्या डिजिटल की ने पटवायची, मग एक अ‍ॅप्लिकेशन मॅनेजर नेमला जायचा जो तुम्हाला डेबियनची तत्त्वं विचारणार, कार्यपद्धती विचारणार, तुमचं पॅकेज (सिस्टिममध्ये घालायला बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर) तपासणार. यात महिनोन्‌महिने जायचे, काहींना त्याहूनही जास्त. बाहेरून बघितलं तर ही परीक्षाच वाटते, आणि होतीही, पण तिच्या जोडीला स्पॉन्सर नावाची गोष्ट होती ती मला जास्त मोलाची वाटते: तुम्हाला अपलोडचा हक्क नसला तरी तुमचं पॅकेज एखादा जुना डेव्हलपर तपासतो, चुका दाखवतो आणि स्वतःच्या सहीने अपलोड करतो. म्हणजे शिकवणारा आपलं नाव पणाला लावतोय. त्यासाठी डेबियन-मेंटॉर्स नावाची वेगळी लिस्टच होती, जिथे बाळबोध प्रश्न विचारायला परवानगी होती.

साधारण त्याच काळात लिनक्स कर्नलच्या बाजूलाही असंच काही सुरू झालं, आणि ते अमेरिकेत नाही तर ब्राझीलमध्ये. कोनेक्टिव्हा नावाची तिथली लिनक्स कंपनी, तिथे काम करणाऱ्या रिक व्हॅन रील यांनी कर्नल-न्यूबीज उभं केलं आणि तिथल्याच आर्नाल्दो कार्व्हाल्यो दे मेलो यांनी कर्नल जॅनिटर्स. जॅनिटर म्हणजे झाडलोट करणारा, काम पण तसंच, जुन्या कोडमधली राहून गेलेली साफसफाई, मेमरी सोडायची विसरली ती सोड, जुनं फंक्शन काढून नवीन घाल. मोठ्या माणसांना यात वेळ घालवायचा नसतो आणि नवीन माणसाला यातून कोड वाचायची सवय लागते. आज जागोजागी रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) गुड फर्स्ट इश्यू, म्हणजे नवख्यासाठी सोपं पहिलं काम, असं लेबल दिसतं ना, त्या कल्पनेचं मूळ अशाच याद्यांमध्ये आहे. पुढे २००८ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी स्टेजिंग नावाची डिरेक्टरी कर्नलमध्ये आणली, अर्धेकच्चे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) तिथे ठेवायचे, प्रत्येकाबरोबर काय दुरुस्त करायचंय त्याची टूडू फाईल, आणि ती नवीन लोकांची शाळाच झाली.

मग २००५. गूगलने १ जूनला समर ऑफ कोड जाहीर केलं, म्हणजे विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात पैसे घेऊन ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचं, आणि दोनच आठवड्यांत अर्जाची मुदत संपली. जागा ठरवल्या होत्या २००, अर्ज आले ८,७०० च्या वर, शेवटी ४१९ जणांना घेतलं. विद्यार्थ्याला ४,५०० डॉलर आणि प्रोजेक्टच्या संस्थेला ५०० डॉलर. हे आकडे नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट यात आहे. पैसे विद्यार्थ्याला मिळाले, थोडे संस्थेला मिळाले, आणि जो माणूस तीन महिने रोज मेल वाचून उत्तरं देणार त्याच्या वेळेचं म्हणून वेगळं काहीच नव्हतं. तरीही मेंटॉर हा शब्द आणि ही जबाबदारी शेकडो प्रोजेक्टमध्ये एकदम पोचली ती यामुळेच, हे मान्य करायलाच पाहिजे. आधी जे काम एखाद्याच्या स्वभावावर अवलंबून होतं त्याला आता नाव, तारीख आणि मधल्या टप्प्यावर पास-नापास असं मूल्यमापन आलं. आपल्याकडच्या मुलांना तर हे फारच सोयीचं पडलं, मे-जूनची सुट्टी आणि हातात डॉलर, त्यामुळे भारतातून दरवर्षी प्रचंड अर्ज जायला लागले. (२०१७ पासून रक्कम देशानुसार ठरते, त्यामुळे आपल्याकडे ती कमी झाली.)

पण माझ्या मते खरं वळण आलं ते २००६ मध्ये, ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रोजेक्टमध्ये. त्या वर्षी समर ऑफ कोडसाठी ग्नोमकडे १८१ अर्ज आले आणि त्यात बाई एकही नव्हती. एकही नाही! हॅना वॉलक आणि ख्रिस बॉल यांनी मग फक्त मुलींसाठी तसाच एक उन्हाळी कार्यक्रम जाहीर केला, तर शंभरावर अर्ज आले आणि सहा जणींना घेतलं. म्हणजे बायकांना यात रसच नाही हे जे सगळे मान हलवून म्हणायचे ते काही आठवड्यांत खोटं ठरलं. त्या होत्याच, आपल्याला बोलावलंय असं त्यांना वाटत नव्हतं एवढंच.

तो कार्यक्रम मात्र एकदाच झाला आणि थांबला. २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांनी तो परत उभा केला, आणि त्यांनी नुसती जाहिरात परत काढली नाही, तर अडतं कुठे ते शोधलं. नवीन माणूस पहिल्या पंधरवड्यातच गळतो, कारण कुणाला विचारायचं ते कळत नाही आणि विचारलं तर उत्तर येत नाही. म्हणून त्यांनी प्रोजेक्टनिहाय मेंटॉरची यादी केली, नावासकट, की या माणसाला थेट विचारा, तो उत्तर देणार आहे. आणि दुसरं, अर्ज करण्याआधीच त्या प्रोजेक्टमध्ये एक तरी छोटं काम करून दाखवायची अट घातली. ऐकायला ही अट कडक वाटते, पण परिणाम उलटाच झाला, कारण त्या एका कामासाठी मेंटॉरशी बोलणं भागच होतं, पॅच पाठवणं भागच होतं, आणि निवड झाली नाही तरी पहिल्या पॅचची भीती गेलेली असायची. निवड करणाऱ्यालाही मार्कशीट आणि कॉलेजचं नाव बघत बसावं लागत नाही, कारण माणूस काम कसं करतो हे समोरच असतं. मरीना २०२२ मध्ये गेल्या. एवढ्या मोठ्या बदलामागचं नाव आपल्याकडे किती कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा कार्यक्रम २०१५ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे गेला आणि आउटरीची झाला. वर्षातून दोन फेऱ्या, कारण दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबरात असतो, आणि स्टायपेंड सगळ्यांना सारखाच, तुम्ही नैरोबीत राहा नाहीतर नांदेडला.

लिनक्स कर्नल यात आलं त्याआधीच, २०१३ मध्ये, सेज शार्प यांच्या पुढाकाराने, आणि त्यासाठी पहिला पॅच कसा पाठवायचा याचं टप्प्याटप्प्याने लिहिलेलं ट्युटोरियल तयार झालं. त्यात काय असतं ते सांगतो, म्हणजे याची गरज का पडली ते कळेल. स्टेजिंगमधला एक ड्रायव्हर निवडायचा, त्यावर चेकपॅच नावाची स्क्रिप्ट चालवायची, ती सांगते की इथे ओळ लांब झाली, इथे शेवटी फालतू स्पेस राहिली. यातली एकाच प्रकारची चूक दुरुस्त करायची, दोन प्रकार एका पॅचमध्ये मिसळायचे नाहीत. मग कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतची नोंद) काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहायचं, खाली साइन्ड-ऑफ-बाय ची ओळ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी सही), तेव्हाच्या नियमाप्रमाणे खऱ्या नावाने, मग दुसऱ्या स्क्रिप्टने शोधायचं की या फाईलचा मेंटेनर कोण, आणि पॅच साध्या टेक्स्ट मेलमध्ये पाठवायचा, अटॅचमेंट चालत नाही, एचटीएमएल मेल तर लिस्ट घेतच नाही. रिव्ह्यू आला की सुधारून विषयात व्ही२ लिहून परत पाठवायचा आणि आधीपेक्षा काय बदललं ते तीन डॅशच्या खाली टाकायचं. आता सांगा, हे सगळं मेंटॉरशिवाय कुणाला आपोआप कळणार होतं? यात एकही गोष्ट प्रोग्रामिंगची नाही, सगळ्या तिथल्या रीतीभाती आहेत, आणि वर्षानुवर्षं लोक यातल्या एखाद्या बारीक गोष्टीवर हाकलले गेले. ट्युटोरियल आलं तसे अर्जाच्या मुदतीतच शेकडो पॅच आले. त्याच वर्षी जुलैमध्ये शार्प यांनी लिस्टवरच्या शिवराळ भाषेबद्दल खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्सना जाहीरपणे विचारलं होतं आणि तेव्हा त्यांच्यावरच टीका झाली. २०१५ मध्ये त्यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही दिवस सुट्टी घेतली आणि कर्नलला कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे वागण्याचे नियम, आला. मध्ये पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत किती जण न बोलता निघून गेले त्याची कुठे नोंद नाही.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी होती. स्टायपेंड वगैरेच्या भानगडीत न पडता मीटिंग आणि आयआरसी, म्हणजे इंटरनेटवरचं नुसत्या टेक्स्टचं चॅट. पुण्यात लिनक्स युजर ग्रुपच्या भेटी, सिम्बायोसिसच्या आतूर सेंटरमध्ये होणारी ग्नूनिफाय परिषद, आणि नोव्हेंबर २०११ ला सीओईपीत फेडोरा या लिनक्स सिस्टिमची फडकॉन परिषद, यातून बऱ्याच मुलांनी मेंटेनर नावाचा माणूस पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिला. पण मला सगळ्यात जास्त आवडणारं काम पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स ग्रुपचं, म्हणजे डीजीप्लगचं. कुशल दास आणि त्यांचे मित्र यांनी २००८ पासून आयआरसीवर फुकट उन्हाळी वर्ग चालू केले. संध्याकाळी चॅनेलवर सगळे जमायचे, हजेरी व्हायची, आणि प्रश्न विचारायचा असेल तर नुसतं उद्गारचिन्ह टाईप करायचं, म्हणजे हात वर, नंबर आला की मगच बोलायचं. नुसतं टेक्स्ट असल्यामुळे स्लो इंटरनेटवाल्या गावातल्या मुलालाही बसता यायचं, आणि चुकलं तर आदल्या दिवसाचा लॉग वाचायचा. सुरुवात पायथन या प्रोग्रामिंग भाषेने व्हायची नाही, मेलला उत्तर कसं द्यायचं आणि प्रश्न कसा मांडायचा इथून व्हायची. बरोबरच आहे, कारण आपल्या मुलांना कोड येत असतो, अनोळखी माणसाला सर न म्हणता लिहायला जड जातं.

पायथनमध्येही बायकांना जागा मिळायला उशीरच झाला. भाषा आली १९९१ मध्ये आणि कोअर टीममध्ये पहिली बाई, मारियाटा विजया, आली २०१७ मध्ये. पायथनचे जनक खुद्द खिडो व्हान रॉसम यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की मला महिलांना मेंटॉर करायचंय, या आणि विचारा, आणि त्या गेल्या.

दुसरी बाजू पण आहे. नवीन लोकांना आणायची घाई झाली आणि शिकवणाऱ्याचा वेळ हिशेबात धरला नाही की काय होतं ते ऑक्टोबर २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला, ओपन सोर्समध्ये हातभार लावायच्या महिनाभराच्या उपक्रमात, दिसलं. चार पुल रिक्वेस्टला (माझा बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) एक टीशर्ट, त्यामुळे रीडमी या माहितीच्या फाईलमध्ये एखादा शब्द घालून हजारो रिक्वेस्ट आल्या, आपल्याकडची कॉलेजची मुलंही त्यात होती, आणि मेंटेनर लोक रात्रभर त्या बंद करत बसले. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टने हो म्हटलंय तिथलीच रिक्वेस्ट मोजायची. त्या मुलांवर मी फार चिडत नाही, त्यांना पहिलं काम म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड, म्हणजे फाईल दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर. लॅसे कॉलिन हे एकटे ते सांभाळत होते, थकले होते, २०२२ मध्ये त्यांनी तसं लिहिलंही होतं. जिया टॅन नावाने एक जण आला, दोन-अडीच वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, सोबत काही खोटी खाती दबाव टाकत होती की नवीन माणसाला हक्क द्या. दिले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, निघालं, तेही अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची पद्धत) अर्धा सेकंद हळू झाल्याचं खटकलं म्हणून. यावरून नवीन लोकांवर विश्वासच ठेवू नका असं म्हणणारे बरेच निघाले. मला ते पटत नाही. तिथे मेंटॉर एकटा होता, दमलेला होता, आणि त्याच्या मदतीला कुणीच नव्हतं, आधी दुरुस्त करायचं ते हे.

सध्याची स्थिती म्हणजे समर ऑफ कोडमधून पहिल्या वीस वर्षांत वीस हजारांवर लोक गेले, २०२२ पासून विद्यार्थी असायची अट काढली, त्यामुळे नोकरी बदलणारा चाळिशीतला माणूसही अर्ज करू शकतो. लिनक्स फाउंडेशनचा कर्नल मेंटॉरशिप कार्यक्रम शुआ खान यांनी २०१९ मध्ये सुरू केला. आउटरीची मेंटॉरकडून आधीच कबूल करून घेतं की आठवड्याला किमान पाच तास इंटर्नसाठी देणार. त्यात आता एआयने लिहिलेले पॅच आणि बग रिपोर्ट यायला लागलेत, वाचायला नीटनेटके आणि आत काहीच नसलेले, ते तपासायला जो वेळ जातो तो याच पाच तासांतून जातो. कर्ल या डाउनलोडच्या टूलचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या जानेवारीपासून याबद्दल लिहितायत. त्यामुळे काही प्रोजेक्टनी असे पॅच बंद केलेत, काहींनी फक्त उघड सांगायची अट घातलीय, आणि खऱ्या नवख्या मुलाचा पहिला, जरा वेडावाकडा पॅच त्या ढिगात हरवू नये म्हणून काय करायचं यावर अजून कुणाचंच एकमत नाही.