एका वर्षाची बेकारी आणि एका आठवड्याची बेकारी

मे २०२५ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशातील बेरोजगारीचा मासिक दर प्रथमच प्रसिद्ध केला. एप्रिल महिन्याचा हा दर ५.१ टक्के होता, तर त्याआधी सर्वत्र उद्धृत होत असलेला, जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा दर ३.२ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून बेकारी दीडपटीहून अधिक वाढली असे म्हणणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. ३.२ टक्क्यांचा दर ज्या वार्षिक अहवालात होता, त्यातच ४.९ टक्के असा आणखी एक दर छापलेला होता आणि एप्रिलच्या आकड्याची तुलना करायचीच असेल, तर ती त्याच्याशी करायला हवी.

३.२ आणि ४.९ हे दोन्ही दर याच कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातले, पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या त्याच लोकांचे आहेत. दोन्हींत बेरोजगारांना भागायचे ते श्रमबलाने, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे किंवा कामास उपलब्ध असणारे यांच्या बेरजेने. एकूण लोकसंख्येने नव्हे. फरक आहे तो काळाचा. पहिला दर ‘नेहमीच्या स्थिती’चा असून तो मागच्या ३६५ दिवसांचा विचार करतो, तर ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा दुसरा दर केवळ मागच्या सात दिवसांपुरता पाहतो. एप्रिलचा ५.१ टक्के हा दरही याच साप्ताहिक मापाचा आहे.

एका ऊसतोड मजुराचे वर्ष घेऊ. पाच महिने तो फडात राबला, तीन महिने गावात काम शोधत राहिला आणि उरलेले चार महिने आजारपणामुळे ना कामावर होता, ना कामाच्या शोधात. नेहमीच्या स्थितीत आधी हे पाहतात की वर्षाचा मोठा भाग तो श्रमबलात होता की बाहेर. आठ महिने आत, चार बाहेर. म्हणून तो श्रमबलात. मग त्या आठ महिन्यांत काम जास्त की शोध जास्त, हे पाहतात. पाच विरुद्ध तीन, म्हणजे तो रोजगारात. आता समजा, गाळप हंगाम संपल्यानंतर, तो काम शोधत असतानाच सर्वेक्षक दारात आला आणि त्या आठवड्यात त्याला एक तासाचेही काम मिळालेले नव्हते. साप्ताहिक मापात हाच माणूस बेरोजगार ठरतो. हंगामी बेकारी वार्षिक मापातून निसटते आणि साप्ताहिक मापात सापडते, ती अशी.

वार्षिक माप आणखी एका बाबतीत सैल आहे. मुख्य स्थितीनुसार वर्षातील बहुतेक काळ बेकार असलेल्या व्यक्तीने दुय्यम काम म्हणून तीस दिवस जरी काम केले असले, तरी मुख्य आणि दुय्यम स्थिती एकत्र धरणाऱ्या प्रचलित दरात ती रोजगारात मोजली जाते. तेव्हा या मापातून जो बेरोजगार उरतो, तो जवळजवळ वर्षभर रिकामा असलेला, म्हणजे दीर्घकालीन बेकार असतो. साप्ताहिक मापाचाही सैलपणा आहेच. सात दिवसांपैकी कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केलेले असले, की व्यक्ती रोजगारात गणली जाते. स्पर्धा परीक्षेची तयारी करता करता नोकरीच्या शोधात असलेला तरुण त्या आठवड्यात वडिलांच्या दुकानात तासभर गल्ल्यावर बसला, तर तो बेरोजगारांच्या रकान्यातून बाहेर पडतो.

तरीही दोन दरांतील अंतर म्हणजे निव्वळ हंगामी बेकारी, असे समीकरण मांडता येत नाही. पेरणी-काढणीच्या दिवसांत घरच्या शेतात राबणारी स्त्री वार्षिक मापात रोजगारात येते. एरवीच्या एखाद्या आठवड्यात तिला काम नसेल आणि ती कामास उपलब्धही नसेल, तर ती बेरोजगार ठरत नाही, श्रमबलातूनच बाहेर जाते. म्हणजे माप बदलले की अंशाबरोबर छेदही बदलतो.

ही गुंतागुंत नवी नाही. बेरोजगारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० मध्येच सांगितले होते की भारतासारख्या, स्वयंरोजगार आणि घरच्या शेतीवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत बेकारी एकाच आकड्यात मांडणे योग्य नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या नमुना पाहणीपासून वेगवेगळी मापे वापरात आली. त्यांत दिवसाचाही हिशेब ठेवणारे एक माप होते आणि अधूनमधून मिळणाऱ्या मजुरीचे चित्र त्यात अधिक स्पष्ट दिसे. मात्र सध्याच्या सर्वेक्षणाच्या अहवालांत मुख्य भर वरील दोनच मापांवर असतो.

छुपी बेकारी मात्र या दोन्ही दरांना दिसत नाही. दोन एकरांत दोघांचे काम चौघे करत असतील, तर चौघेही वर्षभर रोजगारात आणि आठवडाभरही रोजगारात. घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यालाही हे सर्वेक्षण कामकरीच मानते. छुप्या बेकारीचा माग काढायचा असेल, तर बेरोजगारीचा दर बाजूला ठेवून त्याच अहवालातील दुसरी कोष्टके वाचावी लागतात: स्वयंरोजगारात विनावेतन मदतनीस किती, आठवड्याला किती तास काम मिळाले आणि अधिक कामाची तयारी किती जणांनी दाखवली.