बेळगावच्या रताळ्याची पार्श्वभूमी

बेळगावच्या पश्चिमेकडची गावे आणि खानापूर तालुका या पट्ट्यात रताळे इतके मुरले आहे की ते परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. मूळचे ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपात गेले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतात आणले. धान्य नसल्याने उपवासाला चालले. आषाढात लावलेली वेल साडेतीन-चार महिन्यांत तयार होते, म्हणजे दसऱ्याच्या पुढेमागे काढणी सुरू. उशिराचा माल महाशिवरात्रीला खपतो.

गणेशवेल, गारवेल आणि रताळे एकाच कुळातली. फूल तसेच कर्ण्यासारखे, फिकट जांभळे, आत गर्द. दिवस लहान झाले की तुरळक दिसते, पण त्यातून सहसा बी धरत नाही. वेलीला स्वतःचा किंवा तिच्याच तुकड्यातून वाढलेल्या वेलीचा पराग चालत नाही, आणि शेत तर सगळे तुकड्यांचेच. त्यामुळे या पिकाचा प्रसार माणसाच्या हातूनच झाला: शेजाऱ्याकडून वेलीचा भारा आणायचा, तोडून लावायचा. वाण टिकले ते असे. रोग-किडीही अशाच पसरल्या.

हेक्टरी सुमारे ८० किलो निरोगी, मध्यम रताळी उन्हाळ्यात वाफ्यात लावून, पाणी देत वेल वाढवतात. शेंड्याकडचे २० ते ३० सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत. बुंध्याकडचा जून भाग हमखास दगा देतो, सोंड्याची (रताळे पोखरणाऱ्या भुंग्याची) अंडीही बहुधा त्यातच असतात. तुकडे एक-दोन दिवस सावलीत ठेवले की मुळ्या लवकर फुटतात. सरी ६० सेंटिमीटरवर, दोन तुकड्यांत २० सेंटिमीटर, मधले डोळे मातीत.

माळाची लाल, निचऱ्याची जमीन मानवते. काळ्या चिकट रानात रताळी वेडीवाकडी होतात, पाणी साचले तर कुजतात. युरियाचा हात सैल सुटला की पाला गुडघाभर आणि खाली नुसत्या मुळ्या. पाऊस उघडल्यावर वरंब्याला भेगा पडतात आणि सोंड्या त्यातूनच रताळ्यापर्यंत पोहोचतो. पोखरलेले रताळे कडू लागते, कारण किडीला विरोध म्हणून ते स्वतःच कडू द्रव्ये तयार करते. शिजवूनही ती चव जात नाही. म्हणून महिन्याने आणि दोन महिन्यांनी मातीची भर लावायची, भेगा बुजवायच्या आणि काढणीनंतर उरलेल्या वेली, किडकी रताळी रानात ठेवायची नाहीत. पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात पुन्हा रताळे नको.