केस पेपरवरचा तो ‘हाय रिस्क’चा चौकोन आला कुठून

आमच्या मानसोपचार वॉर्डात नवीन पेशंट अॅडमिट झाला की पहिलं काम मामा, म्हणजे वॉर्डबॉय, करतात. पायजम्याची नाडी काढून घ्यायची, बेल्ट, ओढणी, खिशातलं काय असेल ते सगळं एका पिशवीत, वर नावाची चिठ्ठी, आणि पिशवी इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात. मग नातेवाइकांची सही, की चोवीस तास कुणीतरी सोबत राहील. आणि केस पेपरच्या कोपऱ्यात छापलेले तीन चौकोन, लो, मॉडरेट, हाय, म्हणजे पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला काही करेल याचा धोका किती, त्यातल्या एकावर टिक. मी इथे सोशल वर्कर आहे, ही टिक कितीतरी वर्षं बघतेय. एकदा एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, ‘मॅडम, हाय म्हणजे शंभरात किती हो?’ मला काही सांगता येईना. मग शोधत बसले, तर लक्षात आलं की हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ही गोष्ट चांगली चाळीस वर्षं माहिती आहे.

मुळात हा ‘धोका’ पेशंटला असतो असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, तो आपल्याला, म्हणजे बाकीच्यांना असायचा. इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, मग १९१२ चा आला, त्यात पोलिसांना अधिकार होता की कुणी वेड्यासारखा भटकताना दिसला किंवा वेडामुळे धोकादायक वाटला तर उचला आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभा करा. वाटला की झालं. ‘ह्याला आता ठाण्याला पाठवा’ हे आपण चेष्टेत म्हणतो ना (पुण्याकडे येरवडा), त्यामागे हीच पद्धत आहे. बरं, इस्पितळात जागा नसली की काही ठिकाणी अशा लोकांना सरळ तुरुंगात ठेवायचे, गुन्हा काहीही नसताना. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी पश्चिम बंगालच्या तुरुंगांबद्दल केस लढवली आणि १९९३ ला सुप्रीम कोर्टाने हे बेकायदेशीर आहे असं सांगितलं. १९९३! १९१२ चा कायदा बदलून १९८७ चा आला होता आणि तोही लागू व्हायला १९९३ च उजाडलं होतं.

डॉक्टरला धोका ओळखता येतो हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ते तपासायची संधी अमेरिकेत जवळजवळ अपघातानेच मिळाली. न्यूयॉर्क राज्यात जॉनी बॅक्सट्रॉम नावाच्या कैद्याची शिक्षा संपली तरी त्याला धोकादायक मनोरुग्ण म्हणून कडक बंदोबस्तातच ठेवलं होतं, १९६६ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे चुकीचं ठरवलं, आणि त्याच्यासारख्याच ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. तिथला स्टाफ घाबरला होता. पुढे चार वर्षं या लोकांचा मागोवा घेतला तर फार थोड्यांना परत बंदोबस्तात पाठवायची वेळ आली, बाकीच्यांनी तसं काही केलंच नाही. १९८१ ला जॉन मोनाहन या अमेरिकन सायकॉलॉजिस्टनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले आणि सांगितलं की ‘हा हिंसा करेल’ असं डॉक्टर म्हणतात त्यात फार तर तिनातला एक अंदाज खरा ठरतो.

पण तोवर उलट दिशेने दुसरं एक प्रकरण घडून गेलं होतं, आणि त्याचं वजन जास्त पडलं. प्रोसेनजित पोद्दार हा बंगालमधून बर्कलीला शिकायला गेलेला मुलगा, तात्याना तारासॉफ या मुलीला आपण मारणार असं त्याने युनिव्हर्सिटीच्या सायकॉलॉजिस्टला सांगितलं होतं. त्यांनी कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी धरलं, चौकशी केली, ठीक वाटतोय म्हणून सोडलं. मुलीला कुणी काहीच सांगितलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिचा खून केला. १९७६ ला कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ठरवलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवणं हीसुद्धा थेरपिस्टची जबाबदारी. निकाल बरोबरच आहे, माझी तक्रार नाही, पण माझ्या मते तिथूनच केस पेपरवर पेशंटसाठी कमी आणि उद्याच्या कोर्टासाठी जास्त लिहिलं जायला लागलं.

ब्रिटनमध्ये तेच झालं. डिसेंबर १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क स्टेशनवर क्रिस्टोफर क्लुनिस या पेशंटने जोनाथन झिटो या अनोळखी माणसाला मारलं, चौकशी झाली, १९९४ च्या रिपोर्टात दिसलं की क्लुनिस एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात फिरत होता आणि एकाची माहिती दुसऱ्याला नव्हती. म्हणजे रोग होता तो पाठपुराव्याचा, आणि औषध म्हणून आले फॉर्म. १९९५ ला कॅनडातून एचसीआर-२० आलं, हिंसेचा धोका तपासायचं साधन, वीस मुद्दे, त्यातले दहा मागच्या आयुष्याचे, पाच आत्ताच्या अवस्थेचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. ते तसं विचारी आहे, बेरीज करून आकडा काढू नका असं त्याचे कर्तेच सांगतात. पण घाईत बेरीजच होते.

आता आत्महत्येकडे येते, कारण आमच्या वॉर्डात टिक मुख्यतः त्यासाठी असते. ह्यूस्टनला माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात अॅलेक्स पोकोर्नी यांनी ४,८०० पेशंट घेतले, तऱ्हेतऱ्हेच्या चाचण्या केल्या आणि काही वर्षं नजर ठेवली. त्यात ६७ जणांनी आत्महत्या केली. १९८३ ला त्यांनी लिहिलं की कुठल्याही हिशेबाने ते ६७ आधी वेगळे काढता येत नाहीत. गणित साधं आहे. समजा हजारात दहा जण असे आहेत आणि तुमची चाचणी इतकी भारी की दहातले आठ पकडते, पण बाकीच्या ९९० मधल्या शंभरात वीस जणांवरही चुकून बोट ठेवते, तर ‘हाय’च्या चौकोनात दोनशेच्या वर माणसं जमा होणार आणि त्यातली खरी आठ. आणि राहिलेली दोन ‘लो’मध्ये, म्हणजे ज्यांना आपण डिस्चार्ज देऊन निवांत झालो त्यांच्यात. मध्ये लेखी वचन घ्यायची पद्धतही आली, १९७३ च्या एका अमेरिकन लेखातून, ‘मी स्वतःला काही करणार नाही’ म्हणून पेशंटची सही. त्याने जीव वाचतो असं कधी सिद्ध झालं नाही, स्टाफला मात्र झोप लागते. शेवटी २०२२ ला ब्रिटनच्या नाइस या, उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने स्पष्टच लिहिलं की भाकितासाठी अशा स्केल वापरू नका आणि लो-मॉडरेट-हाय अशा पायऱ्याही पाडू नका.

आपल्याकडे मात्र एक वेगळीच अडचण होती, ती म्हणजे दंड संहितेचं कलम ३०९. आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा. त्यामुळे कॅज्युअल्टीत आलेला प्रत्येक जण ‘चुकून’ आलेला असायचा, चुकून फवारणीचं औषध पोटात गेलं, चुकून गोळ्या जास्त झाल्या, आणि नातेवाईक शेजारी उभे राहून मान डोलवायचे. खरं बोललं की पोलीस केस, मग कोण सांगेल? रिस्क ठरवायला खरं ऐकावं लागतं आणि खरं सांगणाराच आरोपी. १९८६ ला मुंबई हायकोर्टाने, न्या. पी. बी. सावंत त्या बेंचवर होते, हे कलम घटनाबाह्य ठरवलं. केस मुंबई पोलिसांतल्याच एका कॉन्स्टेबलची, अॅक्सिडेंटमध्ये डोक्याला मार लागल्यावर मानसिक आजार झालेला. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने कलम परत वैध केलं. मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५, की अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं आणि शिक्षा नाही, उलट उपचार सरकारने द्यायचे. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली त्यात जुनं ३०९ नाहीच, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. तरी ‘चुकून’ अजून ऐकू येतं, सवय लवकर जात नाही.

२०१७ चा कायदा ज्या जखमेतून आला त्यातली एक एरवाडीची. तमिळनाडूतलं हे दर्ग्याचं गाव, तिथे मनोरुग्णांना ठेवायच्या एका शेडला ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली आणि २८ पेशंट जळून गेले, कारण साखळदंडाने बांधलेले होते. पळून जाऊ नयेत, कुणाला मारू नयेत, म्हणून बांधलेले, म्हणजे त्यांच्या भाषेत तीही रिस्क मॅनेजमेंटच होती. आता साखळीला पूर्ण बंदी आहे, आणि मर्जीविरुद्ध अॅडमिट करायचं तर पेशंटने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा प्रयत्न केलाय का, धमकी दिलीय का, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाहीये का, हे दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, तेही आधी ३० दिवसांपुरतं.

त्या वडिलांना मी शेवटी शंभरात किती ते सांगितलं नाही, त्यांच्या मुलासोबत बसून कागद भरला. सेफ्टी प्लॅन म्हणतात त्याला, बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बसवलेली पद्धत, सगळं पेशंटच्या शब्दांत लिहायचं. पहिल्या ओळीत, बिघडायला लागलं की कसं कळतं, तर तो म्हणाला, ‘मी जेवायला ताटावर बसतो पण पोळी तोडत नाही.’ आई म्हणाली हे तिला माहितीच नव्हतं. मग कुणाला फोन करायचा, तर मामाला, आणि मामा नाही उचलला तर १४४१६, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, रात्रीही चालतो. शेवटच्या ओळीत घरातलं धोक्याचं सामान. वडिलांनी तिथूनच भावाला फोन लावला आणि सांगितलं की गोठ्यातले औषधाचे डबे आजच तुझ्याकडे ने आणि कुलपात ठेव.

तो कागद मी केस पेपरला स्टेपल केला. वरचे चौकोन तसेच आहेत, फॉर्मचा जुना गठ्ठा संपल्याशिवाय नवीन छापणार नाही म्हणे.